गावचं सरकारी हॉस्पिटल चालायला नक्की काय लागतं?

परळला केईएम हॉस्पिटलच्या गेटबाहेर सकाळी थोडा वेळ उभं राहा आणि नुसत्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाचा. ०८ म्हणजे रत्नागिरी, ०६ रायगड, ४८ पालघरकडची, मधूनच एखादी २३, म्हणजे थेट बीडहून आलेली. बाजूला टाटा, पलीकडे वाडिया, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सर पेशंट आणि त्यांच्या घरच्यांचे अख्खे संसार. आमचं घर लालबागला, गाव सिंधुदुर्गात, त्यामुळे गावाला कोणाला काही झालं की पहिला फोन इकडेच, "केईएमात कोण वळखीचो आसा काय रे?" आता कॅन्सर किंवा हार्टचं मोठं ऑपरेशन असेल तर मुंबईला येणं समजू शकतो, तालुक्याच्या गावात कोणी बायपास करत नाही आणि करूही नये. पण सीझर? हर्निया? साप चावला म्हणून? गावाला सोयच नाही असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो, पण बऱ्याच तालुक्यांत बिल्डिंग आहे, खाटा आहेत, बोर्ड आहे, ओपीडीला सकाळी रांगही असते. मग अडतं कुठे?

आधी कोण कोणाचं ते बघू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. सगळ्यात खाली उपकेंद्र, सपाट भागात साधारण ५००० लोकांमागे एक आणि डोंगरी-आदिवासी भागात ३००० मागे एक. त्याच्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपलं पीएचसी, ३०,००० किंवा २०,००० लोकांमागे. त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, ३० खाटांचं, हे साधारण सव्वा लाखाच्या किंवा आदिवासी भागात ८०,००० लोकवस्तीच्या हिशेबाने. मग उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्ह्याचं, ज्याला गावाकडे सगळे नुसतं 'सिव्हिल' म्हणतात. या उतरंडीचा मूळ आराखडा भोर समितीने १९४६ सालीच मांडला होता, म्हणजे कल्पना काही नवीन नाही.

गंमत पुढे आहे. उपकेंद्र आणि पीएचसी चालवते जिल्हा परिषद, तिथला साहेब जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय चालवतो राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग, तिथला साहेब सिव्हिल सर्जन. मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. आणि मुंबईतलं केईएम, सायन, नायर ही महापालिकेची, जेजे मात्र राज्याचं. म्हणजे मोखाड्याच्या एखाद्या पीएचसीमधून निघालेली बाई ग्रामीण रुग्णालयातून पुढे सायनला पोचली तर वाटेत तीन मालक बदललेले असतात, प्रत्येक ठिकाणी नवीन केसपेपर, पुन्हा तीच रक्ततपासणी, पुन्हा "कितवा महिना?" हा प्रश्न. पाठवणाऱ्याला पुढे काय झालं ते कधी कळत नाही आणि घेणाऱ्याला आधी काय झालं ते नीट कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. हॉस्पिटल ही खाटा मोजायची गोष्ट नाही, ती एकमेकांवर अडलेल्या माणसांची टीम आहे. केंद्राच्या निकषांप्रमाणे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीला सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असे तज्ज्ञ लागतात. देशभरातली सरकारी आकडेवारी, २०२१-२२ ची, सांगते की या पातळीला जितके तज्ज्ञ हवेत त्यातले सुमारे ८० टक्के नाहीतच. हा आकडा पेपरात येतो, आपण अरेरे म्हणतो आणि पुढे जातो, पण त्याचा खरा अर्थ दिसतो त्यापेक्षा भयंकर आहे.

एक साधा हिशेब करा. सीझरला किमान तिघं हवेत, ऑपरेशन करणारे, भूल देणारे आणि बाळ हातात घेणारे. समजा प्रत्येक जागा भरलेली असण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. ऐकायला बरं वाटतं ना, निम्म्या जागा भरल्यात. पण तिघं एकाच ठिकाणी असण्याची शक्यता अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे आठातल्या एका हॉस्पिटलात. आणि प्रत्येक जागा भरलेली असण्याची शक्यता पाचात एक एवढीच असेल तर १२५ मध्ये एक! प्रत्यक्षात नेमणुका अशा चिठ्ठ्या टाकून होत नाहीत हे मान्य, पण बदल्या जेव्हा जागा रिकामी दिसली की टाक माणूस अशा पद्धतीने होतात तेव्हा निकाल साधारण असाच लागतो. एका तालुक्यात गायनॅक आहेत पण भूलतज्ज्ञ नाहीत, शेजारच्या तालुक्यात भूलतज्ज्ञ आहेत पण भूल द्यायची कोणाला. दोघांचे पगार चालू, दोन्ही ठिकाणी सीझर शून्य.

हे एवढ्यावर थांबत नाही. ऑपरेशन होत नाही म्हणून गायनॅक दिवसभर ओपीडीत सोनोग्राफीच्या चिठ्ठ्या लिहीत बसतात, हाताला काम नाही, वर्षभरात वैतागून राजीनामा. लोकांनाही कळतं की इथे काही होत नाही, ते परस्पर प्रायव्हेटला किंवा शहरात जातात. मग वरून विचारणा, तुमच्याकडे केसेस इतक्या कमी का, यंत्र पडून का, आणि पुढच्या वर्षी निधी कमी. असं हॉस्पिटल बंद पडत नाही हां, बोर्ड तसाच असतो, ते फक्त 'रेफर' लिहिण्याचं ऑफिस होऊन बसतं.

रात्री दोन वाजता

हॉस्पिटल खरंच चालतं का हे उद्घाटनाच्या दिवशी कळत नाही, रात्री कळतं. रात्रपाळीला एक एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर, एक किंवा दोन सिस्टर, एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एखादी मावशी, म्हणजे आया. कळा देणारी बाई आली, बाळाचे ठोके खाली यायला लागले. आता सीझर करायचं तर गायनॅक क्वार्टरमध्ये राहतात की ५० किलोमीटरवरच्या शहरातून ये-जा करतात हा पहिला प्रश्न, आणि क्वार्टरच्या छतातून पावसाळ्यात पाणी गळत असेल तर त्यांनी तिथे राहावं असं कुठल्या तोंडाने सांगायचं हा दुसरा. आठवड्याचे तास १६८, माणूस एक. एकट्या तज्ज्ञाच्या जिवावर चोवीस तास सेवा हे कागदावरच शक्य आहे, त्याला झोप, सुट्टी, पोरांची शाळा काही असतं की नाही? म्हणजे एक टीमही पुरत नाही, प्रत्येक जागेला दोघं लागतात.

मग रक्त. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि आवरलाच नाही तर बाई दोनेक तासांत जाऊ शकते, हे डॉक्टरी पुस्तकांतलं जुनं गणित आहे. जिल्ह्याची रक्तपेढी दीड-दोन तासांवर असेल तर रक्त आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. म्हणून तालुक्याला अख्खी रक्तपेढी नाही तरी रक्त साठवण केंद्र हवं. म्हणजे काय, तर २ ते ६ अंशांवर चालणारा खास फ्रिज, गट जुळवून बघायला येणारा टेक्निशियन आणि मोठ्या रक्तपेढीशी करार की मुदत संपत आलेल्या पिशव्या वेळेत बदलून मिळतील, कारण पिशवी महिना-दीड महिनाच टिकते. आणि फ्रिजला वीज लागते, वीज गेली की जनरेटर, जनरेटरला डिझेल, डिझेलचं बिल कोण पास करणार? हसू नका, कितीतरी ठिकाणी घोडं इथेच पेंड खातं.

सापाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालणारी लस घोड्यांपासून बनते आणि ती बनवणारं हाफकिन आपल्या परळलाच आहे, केईएमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. लस पीएचसीपर्यंत पोचते, हे चांगलंच आहे. पण लस टोचली आणि काम झालं असं नसतं. लसीचीच जबरदस्त रिॲक्शन येऊ शकते, तेव्हा हाताशी ती आवरणारं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन आणि न घाबरणारा डॉक्टर पाहिजे. मण्यार चावली असेल तर श्वासाचे स्नायू लुळे पडतात, मग तासन्तास कृत्रिम श्वास द्यायला लागतो. घोणशीने किडनीवर घाला घातला तर डायलिसिस. मात्र याच्यातली एक तपासणी इतकी स्वस्त आहे की मला कळली तेव्हा नवल वाटलं. काचेच्या स्वच्छ कोरड्या टेस्टट्यूबमध्ये थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नाही तर घोणस-फुरसंवाला विषप्रकार चढलाय. ना यंत्र ना वीज, फक्त काचेची ट्यूब, घड्याळ आणि हे माहीत असलेली सिस्टर. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, जगाने त्याची दखल घेतली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्या सगळ्याची सुरुवात कोकणातल्या सरकारी दवाखान्यातून झाली होती. छोट्या जागी मोठं काम होत नाही असं अजिबात नाही.

पैसा कसा द्यायचा हाही प्रश्न आहे

फायर ब्रिगेडला आपण आगी मोजून पगार देतो का? महिनाभर आग लागली नाही म्हणून बंब विकून टाकत नाही. छोट्या हॉस्पिटलचं अगदी तेच आहे, खर्च बराचसा तयार राहण्याचा असतो. रात्री तीन सीझर झाली काय नि एकही झालं नाही काय, टीम, रक्त आणि जनरेटर तयार पाहिजेच. पण जेव्हा पैसे दर केसमागे मिळतात तेव्हा मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला ते परवडतं, लहान गावातलं मार खातं.

ही रड फक्त आपली नाही. अमेरिकेत २०१० नंतर शंभराहून जास्त ग्रामीण हॉस्पिटलं बंद पडली किंवा त्यांनी पेशंट भरती करून घेणं थांबवलं, आणि तिथे तर पैशाला कमी नाही. त्यांनी १९९७ मध्ये एक कायदा करून वेगळा वर्ग केला, २५ पेक्षा जास्त खाटा नकोत, दुसरं हॉस्पिटल साधारण ३५ मैलांच्या आत नको, अशा ठिकाणांना सरकारी विमा केसमागे ठरलेला दर देत नाही, झालेला खर्च आणि वर एक टक्का देतो. तरीही सगळी तगली नाहीत, पण निदान तयार राहण्याची किंमत असते हे कोणीतरी मान्य तरी केलं.

आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली, तिच्यातून सरकारी हॉस्पिटललाही क्लेमचे पैसे मिळू शकतात. पण क्लेम करायला ऑपरेशन व्हायला लागतं, ऑपरेशनला टीम लागते, म्हणजे पुन्हा येरे माझ्या मागल्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. गरिबासाठी हे उत्तमच, माझा पूर्ण पाठिंबा, फक्त रुग्ण कल्याण समितीच्या हातात जी थोडीफार चिल्लर यायची, ज्यातून नळ, बल्ब, फुटलेली बेसिनं दुरुस्त व्हायची, ती आटली, तेवढी भर सरकारने वेळेवर घालायला हवी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावेत असं लिहिलंय, महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. एवढं श्रीमंत राज्य!

आणि देखभाल. नवीन यंत्राला फीत कापायला दहा जण येतात, त्याच्या वार्षिक देखभालीच्या कराराला कोणी फोटो काढायला येत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटची धावपळ झाली. वायरिंग, ऑक्सिजनच्या लाइन, धूर कळवणारी यंत्रणा या गोष्टी कंटाळवाण्या आहेत म्हणूनच त्यांच्यावर आधी पैसे टाकायला हवेत असं माझं स्पष्ट मत.

मग करायचं काय

माझ्या मते पहिली गोष्ट, नेमणूक एकेकट्याची नको, टीमची करा. भूलतज्ज्ञ जिथे आहेत तिथेच सर्जन आणि गायनॅक. जिल्ह्यात तज्ज्ञ मोजकेच असतील तर सहा तालुक्यांत पसरण्यापेक्षा दोन ठिकाणी पूर्ण संच करा, तो चोवीस तास खरा चालवा आणि बाकीच्या तालुक्यांतून तिथे पोचवायची व्यवस्था पक्की करा. हे बोलायला राजकीयदृष्ट्या अवघड आहे, कारण प्रत्येक आमदाराला आपल्या तालुक्यात हॉस्पिटल हवं असतं आणि लोकांनाही. पण सहा ठिकाणी अर्धवट असण्यापेक्षा दोन ठिकाणी पूर्ण बरं, फक्त अंतराचं भान ठेवून. जव्हार-मोखाड्यासारख्या घाटाच्या भागात नुसते किलोमीटर बघून चालणार नाही, पावसाळ्यात रस्ता किती वेळ खातो ते बघायला लागेल. तिकडचे पेशंट नाशिक, सिल्वासा, वलसाडला जातात, आमच्या सावंतवाडीकडचे गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला, कारण त्यांना जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द दिसत नाही, वेळ दिसतो. आखणी करणाऱ्यांनीही तसंच आखावं.

अंतराचा आणखी एक जुना गुण येणारा उपाय आहे, माहेरघर. आदिवासी भागात तारीख जवळ आली की बाईला आधीच पीएचसीच्या शेजारच्या खोलीत राहायला आणायचं, सोबत घरचं माणूस आणि लहान मूल. रात्री डोंगर उतरण्याची वेळच येत नाही. मात्र तिथे बाईची बुडालेली मजुरी भरून मिळाली आणि जेवण धड मिळालं तरच ती राहते, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी.

दुसरं, तज्ज्ञ मिळतच नसतील तर आहेत त्या एमबीबीएस डॉक्टरांना शिकवा. जीव वाचवण्यापुरती भूल देण्याचा १८ आठवड्यांचा कोर्स केंद्र सरकारच्या कार्यक्रमात कधीपासून आहे, सीझर आणि अडलेल्या बाळंतपणाचाही आहे. पण शिकून आलेल्या डॉक्टरला नेमकं अशा ठिकाणी टाकतात जिथे ऑपरेशन थिएटरच चालू नाही, मग वर्षभरात हात विसरतो. ट्रेनिंगची ऑर्डर आणि पोस्टिंगची ऑर्डर एकाच कागदावर निघायला पाहिजे, बास.

तिसरं, बाँड. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष सेवा द्यायची असते, नाहीतर दंड. त्याने जागा तात्पुरती भरते, पण वर्ष मोजत बसलेल्या मुलाकडून हॉस्पिटल उभं राहील ही अपेक्षा फार आहे. त्यापेक्षा मला दोन गोष्टी जास्त कामाच्या वाटतात. एक, मेडिकल कौन्सिलने २०२० मध्ये नियम केला की पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतरचं तज्ज्ञाचं शिक्षण, करणाऱ्या प्रत्येकाने तीन महिने जिल्ह्याच्या सरकारी यंत्रणेत काम करायचं, म्हणजे मुंबईच्या कॉलेजातला रेसिडेंटही तालुक्याच्या जवळ जातो. दुसरं, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये राज्यांना मोकळीक दिली की सरकारी सेवेत गावाकडे राबलेल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखून ठेवता येतील. तरुण डॉक्टरला विचारा त्याला सगळ्यात जास्त काय हवंय, पगारवाढीच्या आधी तो पीजीची सीट म्हणेल. ती सीट अवघड भागातल्या नोकरीला जोडली तर लोक स्वतःहून अर्ज करतात, धमकी द्यायला लागत नाही.

सिस्टर, आशा, लॅब टेक्निशियन यांच्याबद्दल कोणी फार बोलत नाही आणि गाडा तर त्याच ओढतात. डॉक्टर दोन वर्षांनी बदलतात, सिस्टर पंधरा वर्षं त्याच लेबररूममध्ये असतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे देशभरातल्या आशांच्या कामात ते शिरलं. ज्यांच्या जिवावर हे चाललंय त्यांनाच कंत्राटावर आणि थकलेल्या मानधनावर ठेवायचं, हे कुठलं गणित?

१०८ ची गाडी २०१४ पासून आहे आणि तिने खरंच फरक पडलाय. पण ॲम्ब्युलन्स ही हॉस्पिटलच्या बदली वापरायची वस्तू नाही. आणि पाठवताना आधी पुढे फोन करून खाट, रक्त, डॉक्टर आहेत का विचारणं, हे एवढं साधं काम अजून बऱ्याच ठिकाणी नातेवाइकांवर सोडलेलं असतं.

जाता जाता आम्हा चाकरमान्यांबद्दल. मुंबईत प्रत्येक गावाचं मंडळ असतं, गणपतीच्या आधी मीटिंग, आणि दर चार वर्षांनी कोणीतरी उठून म्हणतो आपण गावच्या हॉस्पिटलला ॲम्ब्युलन्स देऊया. टाळ्या. आमच्याकडेही मागे हा विषय निघाला तेव्हा एका मावशींनी, त्या म्युनिसिपल हॉस्पिटलात सिस्टर म्हणून रिटायर झाल्या आहेत, एवढंच विचारलं की ड्रायव्हरचा पगार कोण देणार? सगळे गप्प. मग त्यांनीच फोन लावून तिथल्या सिस्टरना विचारलं तुम्हाला काय हवंय. उत्तर आलं, क्वार्टरला पाण्याची मोटर, लेबररूमला इन्व्हर्टर आणि नातेवाइकांना रात्री बसायला पत्र्याची शेड, बाकडी सकट. ॲम्ब्युलन्सपेक्षा कितीतरी कमी पैशात झालं असतं सगळं. यावर मंडळात दोन गट पडले, कारण पाण्याच्या मोटरवर मंडळाचं नाव कुठे रंगवायचं? शेवटी मोटर आणि इन्व्हर्टर पास झालं, शेड पुढच्या वर्षीवर ढकलली.

तुमच्या मंडळात हा विषय निघाला तर तिथल्या अधीक्षकांना दोनच गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात किती सीझर झाली, आणि किती बायकांना पुढे पाठवलं. दुसरा आकडा मोठा असेल तर लगेच पुढचं विचारा, नक्की कोण नव्हतं, भूलतज्ज्ञ, रक्त की डिझेल. त्याच उत्तराचा अर्ज करून सिव्हिल सर्जनना द्या आणि एक प्रत आमदारांच्या ऑफिसात, पोच घेऊन.